बाबारावांचा कापूस

सुनेनं सासऱ्याचं नाव घेऊ नये, असं आईनं मला नागपूरहून पाठवताना बजावून सांगितलं होतं. रायपूरला येऊन पाहते तर भाजीवाली, दूधवाला, समोरच्या घरातली शेंबडी पोरं, सगळा पारा, म्हणजे अख्खी आळी, त्यांना ‘बाबारावजी’ म्हणून हाक मारते. मग मी एकटीनंच काय घोडं मारलंय? तोंडावर मी त्यांना मामाजी म्हणते. कागदावर मात्र बाबाराव. त्यांना हे कळलं तर ते मिशीतल्या मिशीत हसतील. म्हणजे, मिशी असेल तर. पण ते पुढे येईलच.

बाबाराव मूळ अकोटचे. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. बडनेऱ्याहून बदली होऊन रायपूरला आले, गुढियारीत घर बांधलं आणि रिटायर झाल्यावर इथलेच झाले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक मिशी आणि दुसरा कापूस.

मिशी साधीसुधी नव्हती. दोन्ही टोकांना पीळ, त्यावर खोबरेल तेलाचा हात. सकाळी देवपूजेआधी मिशीपूजा व्हायची. सासूबाई अंजनाबाई म्हणायच्या, “लग्नात अंतरपाट दूर झाला तं पहिले मिशीच दिसली मले. नवरा मागून दिसला.”

कापसाचं प्रकरण जुनं. बाबारावांचे वडील अकोटच्या जिनिंगमध्ये होते आणि आई उभा जन्म लोकांच्या शेतात कापूस वेचायची. त्यामुळे कापूस या विषयात जगानं आपल्याला विचारूनच पुढे जावं अशी त्यांची साधी अपेक्षा. कुठेही गेले की उशी, गादी, रजई चिमटीत धरायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे. माझ्या लग्नात आमच्याकडच्या गाद्या अशाच चिमटीत धरून, भर मांडवात, “यात निम्मा कापूस जुना हाये” असं म्हणाले. खरं होतं ते. म्हणूनच आई अजून विसरलेली नाही. वर पुन्हा ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ हे पालुपद असायचंच.

राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि माझे यजमान नीलेश यांना नव्या दफ्तरात नोकरी लागली. राजधानी म्हणजे काय हे आम्हाला पेपरमधून कळत होतं, पण पाऱ्यात ते कळलं मनराखनच्या पानठेल्यावर. तलावाच्या काठाला त्याचा ठेला. आमचा तलाव लहानसाच, पण घाट आहे, पिंपळ आहे, बायका धुणं धुतात, म्हशी डुंबतात. पूर्वी ठेल्यावर बिडी खपायची. राजधानी झाली आणि गाडीवाले साहेब थांबायला लागले, त्यांच्यासोबत फिल्टरची सिगरेट आली. लवकरच पाऱ्यातल्या लोकांनाही बिडी हलकी वाटू लागली. बाबाराव त्यात सर्वांत पुढे. “राजधानीच्या माणसानं बिडी ओढावी काय?” असं म्हणून त्यांनी जन्माची बिडी सोडली आणि जन्मभर न ओढलेली सिगरेट धरली. ओढून झाली की थोटूक दोन बोटांत धरून टिचकीनं तलावाकडे उडवायचे. नेम चांगला होता.

तीन-चार वर्षं असंच चाललं. मग एका पोळ्याच्या दिवशी फटाका फुटला.

आमच्याकडे पोळा आणि इथल्या लोकांचा पोरा एकाच दिवशी येतो. संध्याकाळी ठेल्यापाशी गर्दी होती. मीही सासूबाईंबरोबर घाटावरच्या मातीच्या बैलांची पूजा पाहायला गेले होते. तेवढ्यात मनराखनची बायको बिसाहिन धुण्याची बादली घेऊन घाट चढून आली. तिनं ओल्या लुगड्याला चिकटलेली तीन-चार थोटकं काढली आणि ठेल्यावरच्या पानांशेजारी आपटली.

“ये देख कका! काली मछरी कांटेंव त ओखर पेट ले घलो इही निकलिस!”

म्हणजे काल मासा चिरला तर त्याच्याही पोटातून हेच निघालं. मनराखन पान लावता लावता खाली बघायला लागला. नवऱ्याचा धंदाच तो, बोलतो काय! पण बाबाराव असल्या जागी गप्प बसणारे नव्हेत.

“अवं बाई, काहून भडकून राहिली? कापूस हाये तो. कपास! मातीतून आला, मातीत जाईन.”

“बीडी ह माटी हो जाथे कका. ये नइ होवय.”

“कापूस हाये म्हणतो ना मी!”

“नोहय कपसा.”

आता हे वाक्य तिनं दुसऱ्या कुणालाही म्हटलं असतं तर चाललं असतं. बाबारावांना तिनं सगळ्या पाऱ्यासमोर ‘हा कापूस नव्हे’ म्हटलं. त्यांनी खिशातून नवी सिगरेट काढली, फिल्टर तोडला, पांढरा गाभा चिमटीत धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “पुढच्या पोळ्यापर्यंत याची माती झाली नाही, तं इथंच, या ठेल्यावर, मिशी उतरवतो!”

सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. बिसाहिननं पदर खोचला आणि म्हणाली, माती झाली तर मी वर्षभर कका म्हणतील तेव्हा ठेठरी करून घालीन. बेसनाची ती तळलेली खारी ठेठरी म्हणजे बाबारावांचा जीव की प्राण. पैज लागली.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात गुलाबांच्या वाफ्याशेजारी खड्डा खणला. मध्ये एक कौल उभं केलं. एका बाजूला बिसाहिननं बिडीची थोटकं टाकली, दुसऱ्या बाजूला बाबारावांनी सिगरेटची. वर माती, पाणी, आणि दगड.

शहाण्या माणसानं इथं थांबावं. पण बाबारावांच्या डोक्यात एक गोष्ट शिरली की ती भाडं न देता राहते. कापूस आहे म्हटल्यावर ते खत झालं! गुलाबांना घालायचं! त्यांनी गोड्या तेलाचा रिकामा डबा ठेल्याच्या खांबाला तारेनं बांधला आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसायला लागले. कुणी सिगरेट ओढून थोटूक टाकायला हात उचलला की मालधक्क्यावरच्या आवाजात ओरडायचे, “साहेब! माल इधर! बुक हो गया है!” मोठमोठ्या गाड्यांतले साहेब दचकायचे. एकानं विचारलं, कसला माल? बाबाराव शांतपणे म्हणाले, “कपास.” साहेबानं निमूट डब्यात थोटूक टाकलं. सकाळी फिरायला गेले की काठावरची, गवतातली, नालीतली थोटकंही वेचून आणायचे. माझा तर संताप व्हायचा. सासऱ्यानं गावभर दुसऱ्यांची उष्टी थोटकं वेचत फिरायचं! मी नीलेशना म्हटलं, काहीतरी बोला. ते हिंदीत म्हणाले, “पापा हैं, क्या बोलूँ.” यांना मराठी कळतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत येतं. आणि तेही असं.

दिवाळीच्या आधी सासूबाई स्वयंपाकघरात वाती वळत बसल्या होत्या. बाबाराव शेजारी बसून कापसाचं कौतुक करत होते. सासूबाईंनी मान वर न करता म्हटलं, “तुमचाही कापूसच हाये ना? मंग वळा त्याची वात.”

बाबारावांनी नवीन सिगरेटचा फिल्टर सोडवला. मांडीवर ठेवून वळायला लागले. धागे लांब निघाले, पांढरेशुभ्र, पण पीळ काही बसेना. सोडलं की उलगडायचे. कशीबशी वात झाली. देवापुढे नाही, ओट्यावर, एका फुटक्या पणतीत ती लावली. वात जळली नाही, वितळली. काळा थेंब झाला आणि सगळ्या घरात जळक्या बादलीचा वास पसरला. मला ठसका लागला. सासूबाई खिडकी उघडायला धावल्या.

“ओली असन,” बाबाराव म्हणाले. पण त्या दिवशी ते नेहमीपेक्षा कमी जेवले.

होळीपर्यंत वाफ्यातले दोन गुलाब गेले. ज्यांच्या मुळाशी त्यांनी ‘खत’ घातलं होतं, नेमके तेच. “उन्हं लागली,” म्हणाले. होळीच्या आधी कसली उन्हं? मला खरं म्हणजे आता वाईट वाटायला लागलं होतं. तिकडे तलावावर मात्र मजा झाली होती. काठ स्वच्छ. घाटावर थोटूक शोधायला गेलं तर सापडेना. डबा असताना खाली टाकायची लोकांची सवयच मोडली होती. बिसाहिनच्या लुगड्याला काही चिकटत नव्हतं, पण म्हणून तिनं पैज सोडली असं नाही. रोज येता-जाता ती बाबारावांच्या मिशीकडे बघायची, कापायचा बकरा बघावा तशी.

श्रावण संपत आला. सासूबाई मला एकदा हळूच म्हणाल्या, “चित्रा, मिशीबिगर हे कसे दिसतीन? मी पाह्यलंच नाही कधी.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीसएक वर्षांचा संसार, आणि बाई नवऱ्याच्या ओठाची काळजी करत होती! मला राहवेना. दुपारी बाबाराव अंगणात एकटे त्या दगडाकडे बघत बसले होते, तेव्हा मी म्हटलं, “मामाजी, तुम्ही घरात जाऊन पडा. मी खड्ड्यातलं काढून टाकते, चांगली माती भरते. कुणाला कळणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीच केली होती.

“पोरी, मालधक्क्यावर जन्म गेला माहा. दुसऱ्याच्या मालाचं सील कधी तोडलं नाही. आता आपल्याच अंगणात तोडू?” मग म्हणाले, “अन् कापूसच हाये तो. पाह्यशीन तू.”

पोळ्याच्या संध्याकाळी अख्खा पारा आमच्या अंगणात. बाबारावांनी स्वतः दगड सरकवला, स्वतः खुरपं घेतलं. आधी बिडीची बाजू. काळीभोर, मऊ, ओलसर माती, त्यात गांडूळ वळवळत होतं. बिडी नाही, पान नाही, दोरासुद्धा नाही. मग कौलाच्या पलीकडे. कागद गेला होता, तंबाखू गेली होती. फिल्टर जसेच्या तसे. फुगलेले, मळके, पण सगळे हजर. बाबारावांनी एक उचलला, नळाखाली धुतला. आतून पांढरा निघाला. वर्षभर मातीत राहून पांढरा! त्यांनी तो चिमटीत धरला, डोळे बारीक केले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मला रडूच येत होतं.

“कापूस नाही हा,” ते म्हणाले. “प्लास्टिक हाये.”

आणि ठेल्याकडे चालायला लागले.

मागोमाग आम्ही सगळे. मनराखन हात जोडून आडवा आला, “रहन दे कका.” खुद्द बिसाहिन म्हणाली, हसण्यावारी बोललं होतं, सोडा. बाबाराव म्हणाले, “बात म्हणजे बात.” पानठेल्याला आरसा असतोच, गिऱ्हाईक पान खाऊन जीभ किती रंगली ते बघतं त्यात. त्या आरशासमोर उभं राहून बाबारावांनी घरून आणलेला वस्तरा काढला, साबण लावला आणि डावीकडून सुरुवात केली. सासूबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला. मीही दुसरीकडे बघितलं. वस्तऱ्याचा खरखर आवाज तेवढा येत होता.

तोंड पुसून ते वळले. सासूबाईंनी पदर हळूच खाली केला. पाहिलं. डोळे मोठे झाले. आणि अचानक त्यांना असं हसू फुटलं की त्या तिथंच घाटाच्या पायरीवर बसल्या.

“अवो! हे तं तुमच्या मायसारखे दिसून राहिले! थेट माय!”

बाबाराव पुन्हा आरशाकडे वळले. जवळ गेले. ओठावर बोट फिरवलं. मग तेही हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मनराखननं घाबरून पाण्याचा पेला पुढे केला. “काही नाही रे,” ते म्हणाले. “मायनं जन्मभर कापूस वेचला. मी वर्षभर हे वेचलं. तिले एका चिमटीत समजलं असतं.” बिसाहिन पैज जिंकली होती. तरी तिनं घरी जाऊन ठेठरीचा डबा आणला आणि त्यांच्या हातात दिला. मी तेव्हा जाहीर रडले. लाज कशाची?

पण गोष्ट इथं संपत नाही, कारण दुसऱ्या दिवशी मारबत.

आम्हा विदर्भातल्या लोकांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. कागद-बांबूची बाई करायची, रोगराई तिच्या माथी मारायची, ओरडत, वाजत-गाजत गावाबाहेर नेऊन जाळायची. पाऱ्यातल्या आम्हा चार मराठी घरांची मारबत दरवर्षी बाबारावच करायचे. या वेळी सकाळी उठून बघते तर त्यांनी डब्यातली सगळी थोटकं दोऱ्यात ओवून मारबत केलेली. थोटकांचे केस, थोटकांच्या माळा, थोटकांचं लुगडं. आणि ओठावर, कालची मिशी! डिंकानं चिकटवलेली.

एवढी मिरवणूक पाऱ्यात कधी निघाली नव्हती. मराठी, छत्तीसगढी, सगळे आले. “खोकला घेऊन जा गे मारबत! पडसं घेऊन जा गे मारबत!” नीलेशसुद्धा मराठीत ओरडले. भनपुरीच्या रस्त्याकडच्या पडीक जागेवर पोचलो. मनराखननं काडी ओढली.

“थांब,” बाबाराव म्हणाले. “जाळू नको.”

“काबर कका?”

“वात आठवते ना व अंजना? तो धूर पोट्ट्याईच्या नाकात जाईन.”

कुणीतरी म्हणालं, मग पुरून टाका. “पुरून पाह्यलं वर्षभर.” दुसरा म्हणाला, तलावात? बिसाहिननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो ढोलाच्या मागे गेला. सगळे मारबतीभोवती उभे. ढोल थांबलेला. आमच्या कितीतरी पिढ्यांनी मारबत गावाबाहेर नेली, जाळली, विसरली. ही मात्र जळायला तयार नाही, कुजायला तयार नाही, बुडवायची सोय नाही. टाकायची कुठे?

“चला,” बाबाराव म्हणाले, “घरी चला. आपली हाये, आपणच सांभाळू.”

मग मिरवणूक उलटी फिरली. ढोल पुन्हा वाजायला लागला. इथं पोऱ्यानंतर तीजा येतो आणि सगळ्या लेकी तीजासाठी माहेरी येतात. बिसाहिन हसून हसून ओरडली, “तीजा माने बर आ गे मारबत ह!” लोक रस्त्यात बसून हसले. बायकांनी वाटेत मारबतीला हळदीकुंकू लावलं.

मारबत ठेल्याच्या छपराखाली टांगली. दमून स्टुलावर बसलेल्या बाबारावांसमोर मनराखननं सवयीनं एक सिगरेट ठेवली. त्यांनी ती उचलली, उलटी केली, फिल्टरकडे पाहिलं, मग वर मारबतीकडे पाहिलं.

“मनराखन, ओढून झाल्यावर हे ठेवू कुठं?”

मनराखननं डब्याकडे बघितलं. मग वर बघितलं. बाबारावांनी सिगरेट पाकिटात परत सरकवली. डॉक्टरांनी सांगून, सासूबाईंनी रडून, मी भांडून जे झालं नाही ते असं झालं. बिडीवर परत जातील या भीतीनं सासूबाई महिनाभर पाळतीवर होत्या. गेले नाहीत.

दिवाळीपर्यंत मिशी परत आली, तोच पीळ, तेच तेल. गादी चिमटीत धरणंही सुरू झालं, फक्त निकाल द्यायच्या आधी आता जरा जास्त वेळ घेतात. डबा खांबाला आहेच. तो भरला की मनराखन दुसरा बांधतो आणि भरलेला ठेल्यामागे ठेवतो. त्यातल्या मालाचं करायचं काय हे अजून कुणालाच माहीत नाही. निदान तो तलावात नाही.

आणि दर पोळ्याला संध्याकाळी बाबाराव ठेल्यावर जातात, मारबतीखालच्या त्या आरशासमोर उभे राहतात आणि मिशी उतरवतात. आता पैज नसते. कुणी सांगितलेलं नसतं. मागच्या पोळ्याला मी पानाचं निमित्त करून जवळ उभी होते. त्यांनी तोंड पुसलं, आरशात पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “माय व, नव्हता तो कापूस.”

मग बिसाहिननं हाक मारली, ठेठरी गरम आहे म्हणून, आणि आम्ही सगळे तिकडे गेलो.